पाठमोरी खुर्ची

पत्र आलं तेव्हा भीमराज दारातच उभा होता, म्हणून ते त्याच्या हाती पडलं. नाहीतर मायलेकींनी ते आधी फोडलं असतं, वाचलं असतं, डोळ्यांनी एकमेकींना खुणा केल्या असत्या आणि मग त्याच्यापुढे ठेवलं असतं, असा त्याचा ठाम समज होता. गेल्या चार वर्षांत भीमराजचे असे पुष्कळ ठाम समज झाले होते. ज्याला स्वतःचे कान नाहीत त्याला भिंतीचे कान फार दिसतात, त्याला कोण काय करणार?

पत्र पालिकेचं होतं. पुनर्तपासणीच्या अहवालानुसार आपल्या श्रवणदोषाचं प्रमाण बावीस टक्के आढळून आलं आहे, चाळीस टक्क्यांखाली लाभ देय नाही, सबब आपली दिव्यांग पेन्शन चालू महिन्यापासून बंद करण्यात येत आहे. मान्य नसल्यास मुदतीत अपील करावं. खाली गोल शिक्का आणि त्यावर एक सही, जी करणाऱ्यालाही परत वाचता येऊ नये.

"बावीस?" भीमराज एवढ्या मोठ्यानं म्हणाला की जिन्याखालचं कुत्रं उठून बसलं. चार वर्षांपूर्वी याच सरकारनं त्याला अठ्ठावन्न टक्के बहिरा ठरवलं होतं. आता सरकारचं म्हणणं असं, की मधल्या काळात त्याचे कान आपोआप उघडले.

त्याची बायको गिरजाबाई मेसवरून चपात्या लाटून नुकतीच आली होती. तिनं पत्र वाचलं आणि पदरानं तोंड पुसलं. संत तुकाराम नगरातल्या त्या दीड खोलीच्या घरात गिरजाबाईचं मेसमधलं काम होतं, लेक मैत्रीची पिंपळे सौदागरातल्या लॅबमधली नोकरी होती, आणि भीमराजची पेन्शन होती. रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हती. पण त्या घरात त्याच्या नावानं येणारी तेवढी एकच गोष्ट होती. ती बंद झाली म्हणजे तो नुसता बसून खाणारा माणूस झाला. वर शेजारीपाजारी म्हणणार, बघा, इतकी वर्षं सोंग करत होता. मुदतीत अपील जिंकलं नाही तर हे दोन्ही कपाळी कायमचं लागणार होतं.

"जानेवारीत तपासलं तवा काय झालं होतं?" गिरजाबाईनं त्याच्यासमोर तोंड आणून, ओठ नीट हलवून विचारलं.

"मस्त झालं होतं की. काचंच्या केबिनमधी बसवलं, कानाला हेडफोन लावले, बोट वर करा म्हणले, केलं. एकपण चुकलं न्हाई." आणि ते खरंच होतं. सरकारी दवाखान्यातल्या त्या शिबिरातून तो खुशीत बाहेर आला होता, येताना त्यानं भजीसुद्धा आणली होती. तपासणी चांगली झाली याचा गिरजाबाईलाही आनंदच झाला होता. चांगली म्हणजे काय, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

अपिलाचा अर्ज टाइप करायला भीमराज वॉर्ड ऑफिससमोरच्या विलासच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. विलासच्या गालात कायम तंबाखू, त्यामुळे त्याचे ओठ वाचणं म्हणजे डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन वाचणं. विलासलाही ते ठाऊक होतं. त्यानं एक वाया गेलेली झेरॉक्स उलटी केली आणि मागं लिहिलं, ‘कुणीतरी तक्रार केल्याशिवाय एवढं खाली येत नाही काका.’ भीमराजनं ते वाचलं. विलासनं पेन पुन्हा उचललं आणि खाली लिहिलं, ‘जवळचाच असतो.’

झालं. विलासचं काय जातं? उचलली जीभ लावली टाळ्याला, इथं जिभेऐवजी पेन होतं एवढंच. पण भीमराजनं तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला, आणि त्या दिवसापासून जवळच्या माणसांकडे तो नव्यानं बघायला लागला.

आधी त्याला शेजारच्याचा संशय आला, कारण गाडी लावण्यावरून त्याच्याशी एकदा वाजलं होतं. मग मेसच्या मालकाचा आला, कारण तो भीमराजला बघून हसायचा. पण हे दोघे तसे लांबचे. जवळचा म्हणावा असा माणूस एकच होता, नवनाथ, आणि नवनाथचं नाव मनात आलं तसं भीमराजला स्वतःलाच कसंतरी झालं.

कारण नवनाथ म्हणजे काय, ते सांगायला हवं. चाकणच्या एका फोर्जिंगच्या शेडमध्ये दोघांनी एकवीस वर्षं एका हॅमरवर काम केलं होतं. भट्टीतून लालबुंद लोखंड चिमट्यानं उचलून साच्यावर ठेवायचं भीमराजनं, आणि लिव्हर ओढून वरून हॅमर पाडायचा नवनाथनं. त्या आवाजात माणसाचा शब्द जिवंत राहत नाही. कानात घालायला रबरी बुचं मिळायची, पण ती घातली की ठोक्याचा अंदाज चुकतो असं जुने कामगार सांगायचे, म्हणून ती खिशातच राहायची. बोलणं सगळं ओठांचं आणि हातांचं. भीमराजनं एक बोट वर केलं म्हणजे ‘मी बाजूला झालो, मार’. लोखंड साच्यात अडकलं आणि हात आत घालायची पाळी आली, की नवनाथ लिव्हर सोडून दोन पावलं मागं सरकायचा आणि दोन्ही तळवे उघडून दाखवायचा. ‘हॅमर बंद. घाल हात.’ त्या तळव्यांवर भरवसा टाकून भीमराजनं किती वेळा हात आत घातला याची मोजदाद नाही, आणि त्याचे दोन्ही हात आजही धड होते.

भीमराज उदगीरकडचा, नवनाथ आष्टीकडचा. एकाच कंत्राटदाराकडे लागले, एकाच डब्यात जेवले, आणि हळूहळू दोघेही सारखेच बहिरे झाले. चार वर्षांपूर्वी मागून आलेल्या फोर्कलिफ्टचा हॉर्न भीमराजला ऐकू आला नाही. बोटभर अंतरानं वाचला, पण साहेबांच्या समोर वाचला. आठवड्याभरात त्याचं गेट बंद झालं. नवनाथ मात्र अजून हॅमरवर होता.

आणि इथंच भीमराजच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. नवनाथलाही आपल्याइतकंच कमी ऐकू येतं. पण त्याला दिव्यांगाचं कार्ड काढता येत नाही. कार्ड काढलं की कंपनीला कळणार, कळलं की बाहेर. म्हणजे त्याला पेन्शन नाही, आपल्याला घरबसल्या आहे. मग जळणार नाही का माणूस? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगीच नाही.

पुढच्याच आठवड्यात मैत्री संध्याकाळी फोनवर बोलत होती. बोलता बोलता तिनं भीमराजकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. आता, बहिऱ्याच्या घरात खिडकीकडे तोंड करून बोलणं म्हणजे दाराला कडी लावून बोलणं. भीमराज उठला नाही. तिनं फोन खाली ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली, तसा त्यानं तो उचलून बघितला. स्क्रीनवर नाव होतं, ‘नवनाथ काका’. त्या आठवड्यात ते नाव पाच वेळा होतं.

"कुणाशी बोलायलीस गं?" त्यानं विचारलं.

"लॅबमधली मैत्रीण, पप्पा."

पोटची पोरगी तोंडावर खोटं बोलली याचं भीमराजला इतकं लागलं की तो त्या रात्री जेवला नाही. गिरजाबाईनं ताट पुढं केलं तर म्हणाला, "तू पण त्यातच अससील." गिरजाबाईला काहीच माहीत नव्हतं. तिनं ताट झाकून ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून झोपली. हेही त्यानं मनातल्या मनात लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला तो नाशिक फाट्यावर जाऊन उभा राहिला. पहिल्या शिफ्टची कंपनीची बस तिथं मेट्रोच्या खांबाजवळ माणसं उतरवते. नवनाथ उतरला, काळवंडलेल्या शर्टात, हातात डबा. भीमराजला बघून त्याचा चेहरा फुलला. आणि भीमराजनं तिथंच सुरू केलं.

"माझी चुगली केलीस तू. एकवीस वर्षं तुझ्या हाताखाली हात घातला मी, आन् तू माझ्या पोटावर मारलंस. माझ्या पोरीला फितवलंस. एवढं जळायलास तर आधी सांगायचं होतंस, अर्धी भाकर दिली असती."

दोन बहिरी माणसं भांडतात तेव्हा एक ओरडत असतो आणि दुसरा त्याच्या ओठांवर नजर लावून उभा असतो. एक शब्द सुटू नये म्हणून नवनाथला ते सगळं बघत राहावं लागलं. मान फिरवायची सोयच नव्हती. बसमधून उतरलेले लोक थांबले होते. भीमराजचं संपल्यावर नवनाथनं डबा खाली ठेवला, दोन पावलं मागं सरकला आणि दोन्ही तळवे उघडून त्याला दाखवले.

भीमराजला वाटलं, हा हात झटकतोय. तो थुंकला आणि चालता झाला.

सुनावणीची तारीख एप्रिलमधली मिळाली. सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, सकाळी अकराला. मैत्रीनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. बाकावर तीसेक माणसं होती, कुणाच्या हातात कुबडी, कुणाच्या मांडीवर मूल, आणि प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाईल. दारातला शिपाई ज्याच्या त्याच्याकडे असा बघत होता, जणू हा खरा लंगडा की खोटा ते त्यालाच ठरवायचं आहे. भीमराजनंही समोरच्या चष्मेवाल्याकडे तसंच बघितलं, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

नंबर जवळ आला तशी मैत्रीनं फाईल उघडली. जुनं प्रमाणपत्र, पालिकेचं पत्र, अर्जाची प्रत. आणि सगळ्यात खालून तिनं एक वहीचा दुमडलेला कागद काढला, वडिलांकडे चोरून बघितलं आणि तो अर्जाच्या मागं सरकवला. अक्षर भीमराजनं लांबूनच ओळखलं. डब्याच्या झाकणावर, लॉकरवर, हजेरीच्या पाटीवर ते तिरकं अक्षर त्यानं एकवीस वर्षं बघितलं होतं.

सापडली, त्याला वाटलं. सापडली तक्रार. त्यानं झडप घालून कागद ओढला. मैत्री उठून उभी राहिली, "पप्पा, द्या तो," तिचे ओठ म्हणत होते, "पप्पा, आत्ता नको." तो भिंतीशी गेला आणि वाचायला लागला.

‘साहेब, भीमराज आणि मी एकवीस वर्षं एका हॅमरवर होतो. कंपनीत दर साली कानाची तपासणी करायला व्हॅन येते. जो नापास होईल त्याला काढतात. म्हणून आम्ही तपासणाऱ्याच्या कोपराकडे बघायचो. त्यानं बटण दाबलं की कोपर हलतं. कोपर हललं की बोट वर करायचं. हे मीच त्याला शिकवलं. तक्त्यावरची आमची लाईन दर साली चांगली यायची. त्याला ऐकू येत नाही. मलापण येत नाही. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवा म्हणजे तुम्हाला कळेल. मी खोटं सांगत असलो तर मला शिक्षा करा. नवनाथ, कंपनीतला तिकीट नंबर ४१७.’

खाली तारीख होती. नाशिक फाट्यावर तो ज्या दिवशी थुंकून आला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

भीमराजला आधी केबिन आठवली. जानेवारीतली काच, काचेपलीकडे निळ्या शर्टातला तरणा माणूस, आणि त्याचं उजवं कोपर. कोपर हललं, बोट वर. कोपर हललं, बोट वर. त्यात त्यानं काही ठरवलं नव्हतं. काचेच्या केबिनमध्ये बसलं की पास व्हायचं असतं, नापास झालं की भाकरी जाते, एवढंच त्या बोटाला व्हॅन यायला लागल्यापासून बारा वर्षं शिकवलेलं होतं. आणि बोट बिचारं इमानदार, मालकाला न विचारता आपलं काम करून मोकळं झालं. चार वर्षांपूर्वी डोक्याला वायरी लावून तपासलं होतं, तेव्हा बोटाला कामच नव्हतं. तक्रार कुणी केलीच नव्हती. ज्याचा शोध चालला होता ते त्याच्याच उजव्या हाताचं बोट होतं.

त्याला एकदम खूप लाज वाटली, बाकावरच्या सगळ्या माणसांसमोर नागडं उभं केल्यासारखी.

मैत्री त्याच्या समोर आली. तिनं मोबाईलवर लिहून नाही, ओठांनीच सांगितलं, सावकाश. "तुमची लाईन इतकी चांगली कशी आली ते मला कळेना, म्हणून मी काकूंना फोन केला. काकांचा फोन त्याच उचलतात. दिपालीकाकूंनी काकांना विचारलं. काकांनी लगेच ओळखलं. म्हणाले, मी लिहून देतो, पण त्याला आधी सांगू नकोस. त्याला कळलं तर तो घेणार नाही."

"हे आत दिलं तर त्याचं काय?"

मैत्रीनं खाली बघितलं. "काकू म्हणाल्या, त्यांनी विचार केलाय."

शिपायानं हात केला. भीमराजनं कागद दुमडून स्वतःच्या खिशात घातला, विलासच्या त्या झेरॉक्सच्या जागी, आणि आत गेला.

टेबलामागं तीन जण होते. मधे एक डॉक्टरीणबाई, तोंडाला मास्क. मास्क हलत होता, भीमराज बघत होता. मैत्रीनं विनंती केल्यावर बाईंनी मास्क खाली घेतला, जरा नाखुशीनंच.

"चार वर्षांपूर्वी अठ्ठावन्न, आता बावीस," बाई म्हणाल्या. त्यांनी तक्ता त्याच्यापुढे सरकवला. त्यावर लाईन होती, सुरेख, कंपनीत दर साली यायची तशीच. "हेडफोनमधल्या जवळजवळ प्रत्येक आवाजाला तुम्ही बोट वर केलंय. कान असे सुधारत नाहीत. म्हणजे एकदा तुम्ही खोटं बोललात. तेव्हा की आत्ता?"

मैत्रीनं वडिलांच्या खिशाकडे बघितलं. चिठ्ठी तिथंच होती. ती टेबलावर ठेवली असती तर काम झालं असतं. साक्षीदार, सही, तिकीट नंबर, सगळं तयार. ती ठेवली नाही तर राहणार होता फक्त भीमराजचा शब्द, आणि खोटं बोललेल्या माणसाचा शब्द किती वजनाचा, ते समोरच्या तिघांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"आत्ता," भीमराज म्हणाला. खोली दणाणली. "आत्ता खोटं केलं मॅडम. कोपराकडं बघून बोट वर केलं. कंपनीत बारा साल हेच केलं म्या, नोकरी जाऊ न्हाई म्हणून. हिकडं आलो तर बोट आपसूक वर गेलं. नापास व्हायला आलोय हे मलाच कळलं न्हाई."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंच्या उजवीकडचा माणूस पुढं झुकला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. माझं मीच."

"मग तिथले बाकीचे कामगारही असंच करत असतील?"

भीमराजनं त्याच्या ओठांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "मला बहिऱ्याला दुसऱ्याचं काय माहीत साहेब?"

डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

"खुर्ची फिरवा," भीमराज म्हणाला. "भिंतीकडं तोंड करून बसवा मला."

केबिन शेजारच्याच खोलीत होती, तीच काच. बाई स्वतः उठून आल्या. त्यांनी खुर्ची उलटी फिरवली, हेडफोन स्वतःच्या हातानं लावले आणि त्याच्या हातात एक बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. दार लागलं. आता भीमराजसमोर खड्डे पडलेल्या, पांढऱ्या, जाळीदार पत्र्याची भिंत होती, आणि त्या भिंतीवर कुणाचंही कोपर नव्हतं.

तो वाट बघत बसला. अंगठा बटणावर. आपल्याला काहीतरी नक्की ऐकू येईल अशी त्याची मनातून खात्री होती. बावीस नाही तर नाही, पण काहीतरी. घरात कुकरची शिट्टी कधीतरी येते, असं त्याला वाटायचं. गिरजाबाईची हाकही येते, असं वाटायचं. एकदा काहीतरी अगदी लांबून घरघरल्यासारखं झालं, त्यानं बटण दाबलं. मग पुन्हा काही नाही. मशीन बिघडलं असेल. किंवा बाई फोनवर बोलत असतील. सरकारी काम, सुरू व्हायलाच अर्धा तास. त्यानं भिंतीतली भोकं मोजायला घेतली.

दार उघडलं ते त्याला हवेवरून कळलं. त्यानं मान वळवली. बाई दारात होत्या, आणि त्यांच्या मागं मैत्री ओढणीत तोंड खुपसून रडत होती.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "सुरू कधी करणार?"

डॉक्टरीणबाईंनी हेडफोन काढले. त्या त्याच्यासमोर वाकल्या आणि अगदी नीट, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "झालं, काका. पंचवीस मिनिटं झाली."

मैत्रीनं नंतर जिन्यात सांगितलं. शेवटचे आवाज इतके मोठे होते की बंद केबिनच्या बाहेर तिला ऐकू येत होते. आणि तो शांत बसून भिंतीकडे बघत होता. "मला वाटायचं तुम्हाला माझा आवाज तरी येतो," ती म्हणाली. भीमराजलाही तसंच वाटायचं. त्यानं ते कबूल केलं नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ओठ दिसतात की तुझे. फकस्त खिडकीकडं तोंड करत जाऊ नको."

बाईंनी फाईलवर लिहून दिलं होतं. अजून एकदा डोक्याला वायरी लावून तपासतील, त्यात बोटाचा काही संबंध नाही, पण जुनंच प्रमाण कायम राहील यात त्यांना शंका नव्हती. पेन्शन बंद झालेल्या महिन्यापासून पुन्हा चालू होईल. मैत्रीला लॅबमध्ये जायचं होतं. तिला बसमध्ये बसवून भीमराज नाशिक फाट्यावर गेला, आणि मेट्रोच्या खांबाला टेकून साडेचार वाजायची वाट बघत उभा राहिला.

नवनाथ उतरला. त्यानं भीमराजला बघितलं आणि जागीच थांबला. पुन्हा शिव्या खाव्या लागणार म्हणून डबा त्यानं आधीच खाली ठेवला.

भीमराज जवळ गेला आणि खिशातली चिठ्ठी काढून त्याच्या खिशात घातली. "दिली न्हाई," तो म्हणाला.

"का?"

"गरज पडली न्हाई. माझं मीच सांगितलं. तुझं नाव कुठंच न्हाई."

"सुटलास मग?"

"सुटलो."

नवनाथनं मान हलवली. भीमराजनं वाकून त्याचा डबा उचलला आणि त्याच्या हातात दिला. मग म्हणाला, "त्या दिवशी म्या लई घाण बोललो. तुझे हात दिसले, तरी थुंकून गेलो."

"बोललास," नवनाथ म्हणाला. "तीन दिवस घास गिळला न्हाई मला." मग त्यानं भीमराजच्या दंडाला धरून त्याला खांबाच्या कठड्यावर बसवलं, स्वतः शेजारी न बसता समोर उभा राहिला, कारण शेजारी बसून त्यांना बोलता आलं नसतं. "पाठ करून बसल्यावर काय होतं?"

"काय न्हाई होत. आपण बसतो. कधी सुरू करतील म्हणून वाट बघतो. आन् त्यांचं सगळं वाजवून झालेलं असतं. पोरगी रडायलीवती भाईर."

नवनाथनं रस्त्याकडे बघितलं. त्याच्या पाठीमागून एक टेम्पो हॉर्न वाजवत असावा, कारण ड्रायव्हर खिडकीतून हात काढून काहीतरी ओरडत होता. भीमराजनं त्याला हाताला धरून कडेला ओढलं. नवनाथला टेम्पो गेल्यावरच दिसला.

"बारा तारखेला व्हॅन येणार हाय कंपनीत," नवनाथ म्हणाला. "यंदा काय करू?"

भीमराज कठड्यावरून उठला. मार म्हणून सांगायला एक बोट पुरत होतं, आणि ते बोट त्यानं मुठीत दाबून धरलं. मग तो दोन पावलं मागं सरकला आणि त्यानं दोन्ही तळवे उघडून नवनाथला दाखवले.

नवनाथ बराच वेळ त्या तळव्यांकडे बघत राहिला. एक बस येऊन गेली, दुसरी आली, तिच्यातली माणसंही उतरून आपापल्या वाटेनं गेली. मग त्यानं खिशातली चिठ्ठी काढली, उघडली, आणि ‘मलापण येत नाही’ या ओळीवर बोट ठेवलं.

"हे," तो म्हणाला, "मला कुठं द्यावं लागंल?"